बिनखर्ची धंदा

वाचकहो, माझी नोकरी पंचायत समितीत कृषी विस्तार अधिकाऱ्याची. आठवड्यातले चार दिवस तरी गावोगाव फिरण्यात जातात. मागे एका गावात बीजप्रक्रियेचे प्रात्यक्षिक आटोपून मी निघण्याच्या बेतात होतो, तोच नववीतला एक मुलगा समोर येऊन उभा राहिला. हातात शंभर पानी वही. म्हणाला, "साहेब, माझा कोंबड्यांचा धंदा आहे. हिशेब बघता का?"

मला कौतुक वाटले. तिथेच पारावर बसलो. वही मोठी नेटकी होती. पंधरा कोंबड्या, अंड्यांची विक्री, विकत आणलेले खाद्य, औषधपाणी, सारे तारखेवार. खाली लाल शाईने ओळ : महिन्याचा नफा 1,100 रुपये.

मी विचारले, "विकतच्या खाद्याशिवाय आणखी काय घालतोस?"

"घरचा मका. भरडून."

"तो खर्चात दिसत नाही."

"घरचाच आहे, साहेब."

"बरे. आणि खुराडे कोण झाडते? पाणी कोण ठेवते?"

"आई."

"तिचे काय धरलेस?"

पोरगा हसला. म्हणाला, "आईचे काय धरायचे?"

वाचकहो, हे वाक्य मी चाळीस वर्षांपूर्वी ऐकले होते, आणि तेही खुद्द माझ्या आईच्या तोंडून. त्याची हकिगत आज तुम्हांला सांगायची आहे. तीत थोडी माझी फजिती आहे, आणि थोडे असेही आहे की जे सांगताना अजून मान खाली जाते.

आमचे गाव सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात. पावसाचा भरवसा नसलेला मुलूख. घरची चार एकर जिरायत, एक विहीर, तीही फाल्गुनापर्यंत साथ देणारी. 1972 च्या दुष्काळात आईने कामावर खडी फोडली. मी तेव्हा दोन वर्षांचा, झोळीत. त्या मजुरीतून मागे टाकलेल्या पैशांत तिने पुढच्या साली दोन कोंबड्या घेतल्या, असे आबा सांगत. त्या दोनांच्या पुढे दहा-बारा झाल्या आणि कायम तेवढ्याच राहिल्या. घरात पाहुणा आला की एक कमी व्हायची, एक खुडूक बसून पिल्ले काढायची.

माझा पहिला धंदा मात्र कोंबड्यांचा नव्हे, बोरांचा. वय वर्षे दहा. ओढ्याकाठच्या बोरी कुणाच्याच नव्हत्या. सकाळी लवकर जाऊन पडलेली बोरे वेचायची, घरी आणून तिखटमीठ लावायचे आणि मधल्या सुट्टीत शाळेच्या दाराशी पाच पैशांना ओंजळ विकायची. दोन आठवड्यांत सव्वातीन रुपये जमले. मी आबांना ऐटीत म्हणालो, "खर्च काहीच नाही, सगळा नफाच." आबा गालात हसले. स्वयंपाकघरातली तिखटाची बरणी तळाला गेल्याचे आईने मला सांगितले नाही. शेजारणीकडून वाटीभर उसने आणून तिने भागवले, हे मला फार पुढे कळले. अशा रीतीने बिनखर्ची धंद्याची माझी सुरुवात झाली.

तेराव्या वर्षी, म्हणजे 1983 साली, मी आठवीत गेलो. हायस्कूल बाजाराच्या गावी, घरापासून तीन मैलांवर. जाऊन-येऊन सहा मैल चालणे. वर्गातली दोन मुले सायकलीवर येत. एका सायकल दुकानदाराकडे जुनी सायकल विकायला होती, दीडशे रुपयांना. मी रोज शाळेतून परतताना तिच्यापुढे घटकाभर उभा राही.

त्याच सुमारास आमच्या गुरुजींनी वर्गात वर्तमानपत्र वाचून दाखवले होते. 1982 साली अंडी उत्पादकांनी एकत्र येऊन राष्ट्रीय अंडी समन्वय समिती काढली होती. पुण्याच्या आसपास पांढऱ्या कोंबड्यांचे मोठाले फार्म उभे राहत होते. ते ऐकून माझ्या डोक्यात चक्रे फिरू लागली. मी आईपाशी हट्ट धरला. तिने फार आढेवेढे घेतले नाहीत. आपल्यातल्या चार तलंगा मला वेगळ्या काढून दिल्या आणि म्हणाली, "ह्यांची अंडी तुझी. पर वही घाल. आबांस्नी दावीत जा."

तलंगा म्हणजे अंड्यावर येऊ घातलेल्या तरण्या कोंबड्या, हे तुम्हांला सांगायला नको. पंधरा दिवसांत त्या अंडी घालू लागल्या. मी एका पायात लाल चिंधी बांधून माझ्या कोंबड्या ओळखीच्या केल्या. अंडी भुश्शाच्या डब्यात घालून शाळेला जाताना न्यायची आणि बाजाराच्या गावातल्या हॉटेलवाल्याला द्यायची. अंड्याला आठ आणे. श्रावणात गिऱ्हाईक रोडावले तेव्हा तो चाळीस पैशांवर आला. मी अंडी भुश्शात ठेवून वाट पाहिली, त्यातली तीन नासली. नाशवंत माल अडवून धरता येत नाही, हा धडा मी तिथे शिकलो. पुढे टोमॅटोच्या शेतकऱ्यांशी बोलताना तो कामी आला.

आठ महिन्यांत डब्यात 78 रुपये साठले. वहीत दोन रकाने होते, जमा आणि खर्च. खर्चाच्या रकान्यात मी वरपासून खालपर्यंत शून्ये मांडली होती. दाणे घरचे, खुराडे घरचे, राखण आईची. मग खर्च कसला?

आता मुख्य गोष्टीकडे येतो.

बाजाराच्या गावी गुरांचा दवाखाना होता. तिथले कर्मचारी एकदा शाळेच्या वाटेवर भेटले. हातातला अंड्यांचा डबा पाहून त्यांनी विचारपूस केली आणि म्हणाले, "मानमोडीची लस टोचून घे. पण कुपीत शंभर कोंबड्यांची लस असते. एकदा फोडली की लगेच संपवावी लागते. तू आळीतल्या सगळ्यांच्या कोंबड्या एके दिवशी कोंडून ठेवायला सांग. निरोप दे, मी बर्फात घालून लस घेऊन येतो."

मी मान डोलावली आणि निरोप काही दिला नाही. घरोघर मी हिंडायचे आणि फायदा सगळ्यांचा व्हायचा, हा विचार मनात आला. शिवाय टोचल्यावर चार दिवस अंडी कमी पडतात, असे कुणीसे म्हणाले होते. चार दिवस म्हणजे दोन-अडीच रुपये! धंदेवाईक झालो होतो ना मी.

पुढे माघात, बाजारच्या दिवशी, दिवस मावळता मावळता एक बाई उरलेली कोंबडी सात रुपयांना देऊन टाकत होती. बाराच्या खाली तशी कोंबडी मिळत नसे. कोंबडी डोळे मिटून पंख पाडून बसली होती. मी म्हटले, दिवसभराच्या उन्हाने सुकली असेल. घेतली. घरी आणली तेव्हा आईने तिला हातात धरून पाहिले, पिसे फुंकून पाहिली. म्हणाली, "बाजारचं पाखरू हाय. पंधरा दिस डालग्याखाली येगळं ठेव. आंगणात सोडू नगं."

डालग्याखाली पिल्लांची कोंबडी होती. दुसरे डालगे मागायला कोपऱ्यावरच्या आजींकडे जावे लागले असते. रात्र झाली होती, मला भूक लागली होती. मी ती कोंबडी बाकीच्यांबरोबर खुराड्यात कोंडली आणि आईला सांगितले, "ठेवली येगळी."

वाचकहो, एवढेच केले मी. एक लहानसे खोटे बोललो.

तिसऱ्या दिवशी ती कोंबडी मेली. आठवड्याच्या आत आईच्या कोंबड्या हिरवे शिटू लागल्या. चोची उघडून श्वास घेऊ लागल्या. मग माना वळू लागल्या. कोंबडी उभी राहायला जाई आणि मान पाठीवर उलटी पिळवटून गोल गोल फिरत पडे. मानमोडी हे नाव किती नेमके आहे ते तेव्हा दिसले. पुढे महाविद्यालयात कळले की हाच तो रानीखेत रोग. कुमाऊँच्या डोंगरातल्या गावावरून ते नाव पडले आहे. हा विषाणूचा रोग, त्यावर औषध नाही. आधी टोचलेली लस हाच काय तो उपाय.

मेलेल्या कोंबड्या मी ओढ्यात नेऊन टाकल्या. तेही अडाणीपणच. कुत्र्यांनी त्या आळीभर ओढल्या. दहा-बारा दिवसांत आमच्या आळीतल्या चाळीस-एक कोंबड्या गेल्या. माझ्या चारही गेल्या. आईच्या अकरांतली एक वाचली, काळी.

कोपऱ्यावरच्या आजी एकट्या राहत. मुलगा मुंबईला गिरणीत होता. 1982 च्या जानेवारीत गिरण्यांचा संप सुरू झाला आणि त्याची मनिऑर्डर यायची थांबली. आजींकडे तीन कोंबड्या होत्या. त्यांच्या अंड्यांवर मीठ, चहापूड आणि कंदिलातले रॉकेल चालायचे. तिन्ही एका रात्रीत मेल्या. सकाळी आजी आमच्या ओट्यावर येऊन बसल्या आणि म्हणाल्या, "गावावर कुणाची तरी नजर फिरली ग बाई. मरीआईला निवद दावाय पायजे."

मी दाराआड उभा होतो. मला वाटले, बरे झाले. मरीआईवर गेले.

आई चुलीपुढून उठून बाहेर आली. पदराला हात पुसले आणि म्हणाली, "आत्याबाई, मरीआईचं काय न्हाई. आमच्या पोरानं बाजारची कोंबडी आणली आन येगळी ठिवली न्हाई. आमच्या दारनं आली ही मरी."

मग आत जाऊन तिने ती काळी कोंबडी आणली आणि आजींच्या पदरात घातली. आजी नको नको म्हणत राहिल्या. आईने ऐकले नाही.

मला ती एका शब्दाने रागावली नाही. खोटे बोललास, असेही म्हणाली नाही. तिला केव्हा कळले होते कोण जाणे. रागावली असती तर बरे झाले असते, असे मला तेव्हा वाटत होते.

महिन्याच्या अखेरीस मी वह्यांना पैसे मागितले. ती म्हणाली, "ह्या खेपंला तुझ्या डब्यातलं घे. माझ्याजवळ न्हाईत."

"आबांकडून घेऊ?"

"आबांकडनं कवा घेत हुतो आपण?" ती म्हणाली. "तुझ्या वह्या, पेनाची शाई, सहामाहीची फी, कोंबड्यांवरच भागवत हुते की मी."

वाचकहो, आठवीपर्यंतचे माझे शिक्षण त्या अकरा कोंबड्यांनी केले होते, आणि मला पत्ता नव्हता. मी सायकलीचे पैसे जमवीत होतो आणि ज्या पाखरांवर माझी शाळा चालली होती ती मी सात रुपयांच्या लोभाने मारली होती.

त्या रात्री कंदिलाच्या उजेडात मी वही काढली आणि आईला म्हणालो, "आता खरा हिशेब सांग." तिला लिहिता-वाचता येत नव्हते, पण माप पक्के होते. "तुझ्या चार पाखरांस्नी रोजचं चिपटंभर दाणं मी टाकत हुते," ती म्हणाली. चार चिपट्यांचा शेर. आठ महिन्यांचे 240 दिवस, म्हणजे 60 शेर, म्हणजे 15 पायल्या ज्वारी. त्या वर्षीचा भाव शेराला दीड रुपया. झाले 90 रुपये. माझी सगळी विक्री 78 रुपयांची. म्हणजे ज्या धंद्यात मी 78 रुपये नफा मांडला होता तो 12 रुपयांनी बुडीत होता, आणि ती बूड घरच्या कणगीने सोसली होती.

मी विचारले, "आणि तुझं? तू झाडत होतीस, कोंडत होतीस, मांजरापासून राखत होतीस. त्याचं किती धरू?"

ती हसली. म्हणाली, "माझं काय धरायचं?"

आबांनी एवढेच सांगितले की खुराडे लगेच भरू नका. आम्ही ते उन्हात उपडे टाकले, आतली माती खरवडून काढली, चुना दिला आणि दोन महिने रिकामे ठेवले. मग मी स्वतः दवाखान्यात गेलो. आळीत घरोघर हिंडलो आणि ज्यांच्याकडे दोन-चार पाखरे उरली वा नव्याने आली होती त्यांना कोंडून ठेवायला सांगितले. लस टोचून झाली. डब्यातल्या 71 रुपयांतून दहा-दहा रुपयांच्या सहा तलंगा घेतल्या. दोन आजींना, दोन पलीकडच्या घरी, दोन आईला. सगळ्यांचे भरून देण्याइतके माझ्याजवळ नव्हतेच. उरलेल्यांत वह्या आल्या. सायकल आली नाही. दहावी होईपर्यंत मी ते सहा मैल चाललो.

पुढे राहुरीच्या महात्मा फुले कृषी विद्यापीठातून बी.एस्सी. कृषी झालो. कृषी अर्थशास्त्राच्या तासाला सरांनी फळ्यावर उत्पादन खर्चाचे प्रकार लिहिले. सरकारने 1965 साली कृषिमूल्य आयोग नेमला. 1985 पासून त्याचे नाव कृषी खर्च व मूल्य आयोग असे झाले. तो आयोग पिकाचा खर्च निरनिराळ्या तऱ्हेने मांडतो. बियाणे, खत, औषध, मजुरी असा प्रत्यक्ष हातातून गेलेला खर्च म्हणजे ए-2. त्यात घरच्या माणसांनी बिनपगारी केलेल्या कामाचे मोल मिळवले की होतो ए-2 अधिक कुटुंबश्रम. आणि स्वतःच्या जमिनीचा खंड व भांडवलावरचे व्याजही धरले की सी-2. मुले ते परीक्षेसाठी उतरवून घेत होती. मला मात्र फळ्यावर आमचे खुराडे दिसत होते आणि "माझं काय धरायचं" हे शब्द ऐकू येत होते. आईचे काय धरायचे, याचे उत्तर अर्थशास्त्रात होते. आमच्या घरात ते कुणी विचारले नव्हते.

आज ठिकठिकाणी मी शेतकऱ्यांचे हिशेब पाहतो. निम्म्याहून अधिक वह्यांत, बंधूंनो, माझ्या आठवीतल्या वहीसारखीच शून्ये असतात. खुरपणी घरच्यांनी केली, शून्य. बी घरचे, शून्य. दूध काढते कारभारीण, शून्य. मग पीक परवडले असे वाटते आणि घर मात्र का ओढाताणीत आहे ते कळत नाही. भगिनींनो, तुमच्यापैकी अनेकींच्या कोंबड्या-शेळ्यांवर घरातली शाळा, औषधपाणी, लेकीचे माहेरपण चालते. तेही कुठल्या वहीत नसते.

म्हणून दोन-चार गोष्टी सांगतो, मुलांना जवळ बसवून वाचून दाखवा.

मुलाने वा मुलीने काही धंदा करतो म्हटले तर जरूर करू द्या. कोंबड्या असोत, मिरचीची रोपे असोत, जत्रेतले खेळण्यांचे दुकान असो. पण वहीला तिसरा रकाना पाडा : घरचे. घरातून गेलेला दाणा बाजारभावाने त्यात मांडा आणि घरच्या माणसांचे तास मजुरीच्या दराने मांडा. पैसे प्रत्यक्ष द्यायचे की नाही ते घरात ठरवा, पण लिहा मात्र नक्की.

कोंबड्यांचा धंदा असेल तर नवे पाखरू निदान तीन आठवडे वेगळे ठेवा. त्याचे पाणी-दाणाही वेगळे असू द्या, आणि आधी घरच्या कोंबड्यांचे करून मग त्याच्याकडे जा. पिल्लाला पाच ते सात दिवसांच्या वयात लासोटा लसीचा एक थेंब डोळ्यात किंवा नाकात आणि आठव्या आठवड्यात आर-टू-बी लस टोचून घ्या. मधल्या मात्रा पशुवैद्यकांना विचारा. लस थंडच ठेवावी लागते, ती निरोगी पाखरांनाच द्यायची, आणि शक्यतो सारी आळी मिळून एके दिवशी द्यायची. मेलेले पाखरू ओढ्यात टाकू नका. खोल खड्ड्यात चुना टाकून पुरा. आणि रोग आपल्या दारातून गेला असेल तर शेजाऱ्याला पहिल्या दिवशी सांगा. त्याची पाखरे तरी वाचतील.

तर तो पारावरचा मुलगा. आम्ही दोघांनी तिथेच तिसरा रकाना आखला. घरचा मका महिन्याला 15 किलो, 22 रुपयांप्रमाणे 330. आईचा रोजचा अर्धा तास, महिन्याचे 15 तास, 40 रुपयांप्रमाणे 600. अकराशेतून 930 वजा. खाली उरले 170.

त्याचे तोंड एवढेसे झाले. म्हणाला, "साहेब, मग धंदा करू का नको?"

मी म्हणालो, "कर की! पण आता अंड्याला काय भाव मागायचा ते तुला ठाऊक झाले. आधी नव्हते. आणि आज घरी गेल्यावर आईला ही वही वाचून दाखव."

"तिला हिशेबातले कळत नाही, साहेब."

"दाखव तर खरी," मी म्हणालो, "तुझ्यापेक्षा जास्त कळेल."